आयसीयूच्या चिठ्ठीत टूथब्रश लिहा

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या हातात पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी पडते. डायपर, अंडरपॅड, वेट वाइप्स, टिश्यूचा डबा, पावडर, खोबरेल तेल, हातमोजे. रुग्णालयांच्या आसपासच्या मेडिकलवाल्यांना ती तोंडपाठ असते. 'आयसीयूचं सामान द्या' म्हटले की पिशवी भरून मिळते. पाठीला जखमा होऊ नयेत, त्वचा कोरडी राहावी, अंथरूण ओले होऊ नये, या सगळ्याची त्यात सोय असते. टूथब्रश मात्र मी त्या चिठ्ठीत क्वचितच पाहिला आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला रुग्णालयात आल्यानंतर जो न्यूमोनिया गाठतो, तो बहुतेक वेळा तोंडातूनच खाली उतरतो. तरीही त्या तोंडासाठी यादीत एक ओळ नसते.

मी आयसीयूत परिचारिका होते. वसईच्या पश्चिमेकडच्या गावातून पहाटे निघून मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात सकाळच्या पाळीला पोचायचे. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी मुली या पेशात गेल्या. सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात आजही त्या दिसतात, कुणी नाइट संपवून परतणारी, कुणी ड्युटीवर निघालेली. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीत कुणी आयसीयूत गेले की मला बोलावणे येते. 'सिस्टर, जरा येऊन बघता का? डॉक्टर सांगतात ते आम्हाला कळत नाही.' मी जाते. मॉनिटरवरचे आकडे समजावून सांगते, बिलातले शब्द सांगते. आणि काचेआडच्या माणसाचे तोंड पाहते.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरासाठी गेले होते. पक्षाघाताचा रुग्ण, वय साठीचे, तिसरा-चौथा दिवस. पाठ स्वच्छ, चादर पांढरीशुभ्र, सलाइनची पट्टी तारखेसह लावलेली. सिस्टर मन लावून काम करत होती. पण ओठांच्या कोपऱ्यात तपकिरी खपली धरलेली, जिभेवर जाड पांढरा थर, पुढच्या दातांवर तंबाखूचे जुने किटण आणि त्यावर नवा चिकट लेप. खाटेजवळच्या कपाटावर माउथवॉशची बाटली होती. मी हळूच विचारले, 'ब्रश करता का?' ती म्हणाली, 'गॉझने पुसतो, सिस्टर. ब्रशने ट्यूब हलेल अशी भीती वाटते.' भीती खरी आहे. तिला ते करायला कुणी शिकवले नव्हते, आणि शेजारी उभे राहून नळी धरायला दुसरे माणूस नव्हते.

ही नळी तोंडातून घशात आणि तिथून श्वासनलिकेत जाते. तिच्या खालच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. तो फुगवला की यंत्राने दिलेली हवा बाजूने निसटत नाही. घरच्यांना वाटते, फुगा आहे म्हणजे वरचे खाली जात नसणार. जाते. लाळ त्या फुग्यावर साचते आणि त्याच्या बारीक घड्यांमधून थोडी थोडी खाली झिरपते. धडधाकट माणूस दिवसभर नकळत थुंकी गिळतो, ठसका लागला की खोकून मोकळा होतो. झोपेच्या औषधाखाली असलेल्याला यातले काहीच जमत नाही. त्याचे तोंड नळीमुळे कायम उघडे, म्हणून कोरडे. दात धुऊन काढण्याचे लाळेचे रोजचे काम बंद पडलेले.

दोन दिवसांत त्या तोंडातले जंतू बदलू लागतात. आपल्या तोंडात एरवी राहणारे निरुपद्रवी जंतू मागे हटतात आणि रुग्णालयातले दांडगे जंतू दातांवर बस्तान मांडतात. अमेरिकेत बफेलोच्या संशोधकांनी 1992 मध्येच हे दाखवले होते. त्यांनी तपासलेल्या आयसीयूतल्या रुग्णांपैकी 65 टक्क्यांच्या तोंडात फुप्फुसाला घातक ठरणारे जंतू मिळाले. दातांच्या दवाखान्यात आलेल्या लोकांत हेच प्रमाण 16 टक्के होते. व्हेंटिलेटर लावून 48 तास उलटल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाला आयसीयूत आम्ही 'व्हॅप' म्हणतो. ताप परत चढतो, सक्शनमध्ये पिवळा-हिरवा घट्ट कफ येऊ लागतो, ऑक्सिजन वाढवावा लागतो. उद्या-परवा यंत्र काढू असे डॉक्टर म्हणत असतात आणि तो दिवस आणखी पुढे जातो.

आपल्याकडे त्या कफाच्या तपासणीत येणारी नावे ठरलेली आहेत: अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्यूडोमोनास. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, या जंतूंच्या औषधप्रतिकाराचे अहवाल दरवर्षी काढते. मेरोपेनेमसारख्या भारी औषधालाही दाद न देणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर आता अपवाद राहिलेला नाही. रुग्णालयांत सापडणाऱ्यांत तोच बहुसंख्य आहे. मग कोलिस्टिन हे औषध द्यावे लागते, आणि ते मूत्रपिंडाला त्रास देते. फुप्फुसासाठी आलेला माणूस डायलिसिसपर्यंत पोचलेला मी पाहिला आहे.

तोंड पुसणे आणि दात घासणे यांत फरक आहे. टाकीच्या भिंतीला धरलेली बुळबुळ पाणी ओतून जात नाही, घासावी लागते. दातांवरच्या थराचेही तसेच. त्या थरात जंतू एकमेकांना धरून बसतात, वरून ओतलेले औषध खालपर्यंत पोचत नाही. ब्रशचे केस तो थर फोडतात. गॉझचे बोळे दातांच्या फटीत जात नाहीत.

आम्ही शिकलो तेव्हा माउथ केअरचा ट्रे वेगळाच असायचा. किडनी ट्रे, आर्टरी फोर्सेप्सला गुंडाळलेला गॉझ, सोडा बायकार्बचे पाणी, शेवटी ओठांना बोरोग्लिसरीन. नंतर क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक माउथवॉश आले. 2010 मध्ये व्हेंटिलेटरच्या काळजीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी यादीत त्याला जागा मिळाली आणि सगळीकडे त्या बाटल्या दिसू लागल्या. पण 2014 मध्ये आधीच्या चाचण्या नव्याने एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण सोडले तर इतरांना त्याचा फायदा ठामपणे दिसेना. मृत्यू किंचित वाढतात की काय अशी शंकाही पुढे आली. कॅनडातील सहा आयसीयूंनी ते बंद करून तोंडाची नेमाने काळजी घेऊन पाहिली. 2021 मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूंत फरक पडला नाही. अमेरिकेतील संसर्गनियंत्रणाच्या तज्ज्ञसंस्थांनी 2022 च्या सूचनांत स्पष्टच सांगितले की ब्रशने दात घासणे आवश्यक, क्लोरहेक्झिडिन नको. आपल्याकडच्या कित्येक खाटांजवळ अजून बाटली आहे आणि ब्रश नाही, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

डिसेंबर 2023 मध्ये बोस्टनच्या दोन संशोधकांनी 15 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या रुग्णांचे दात रोज घासले गेले त्यांच्यात रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होता, आयसीयूतले मृत्यू 19 टक्क्यांनी कमी होते, आणि ते व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले. फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्यांनाच झाला. दिवसातून दोनदा घासणे पुरेसे ठरले. तीन-चार वेळा घासून जास्त काही मिळाले नाही. यातल्या बऱ्याच चाचण्या लहान होत्या, आणि कुणाचे दात घासले जात आहेत हे काळजी घेणाऱ्यांना ठाऊक असायचे, हेही खरे. त्या फायद्यातला निम्मा जरी खरा धरला, तरी आयसीयूतल्या कुठल्या वीस-तीस रुपयांच्या वस्तूकडून एवढे काम होते, ते मला कुणी सांगावे.

हे काम करायचे कसे, तेही सांगते, कारण करणाऱ्या मुलींची भीती त्यानेच जाते. खाटेचे डोके 30 ते 45 अंश वर घ्यायचे. नळीच्या फुग्याचा दाब मोजायचा, तो 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका हवा. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. ओठांशी कुठला आकडा आहे तो वाचायचा. बाईला बहुधा 20-21, पुरुषाला 22-23. तो आकडा मोठ्याने बोलायचा, म्हणजे दोघींच्या लक्षात राहतो. काम संपल्यावर तोच दिसला पाहिजे. एकीने नळी अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि तळहात गालावर टेकवायचा, म्हणजे रुग्णाने मान वळवली तरी हात आणि नळी सोबत वळतात. दुसरीने आधी सक्शनने घशाशी साचलेली लाळ ओढून घ्यायची. हे राहिले तर घासताना तीच लाळ खाली जाईल. मग लहान मुलांचा मऊ ब्रश, कारण मोठ्यांचा नळीच्या बाजूने मागच्या दाढांपर्यंत जातच नाही. पेस्ट अगदी नावाला, फेस नको. वरच्या दाढांच्या बाहेरून सुरुवात, मग आतून, मग चावायचा भाग, तसेच खाली, शेवटी जीभ. सक्शन सतत चालू. नंतर नळी ओठाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून बांधायची, नाहीतर एकाच जागी जखम होते. ओठांना मलम. आकडा पुन्हा वाचायचा. चार्टवर वेळ आणि सही.

आणि बोलत राहायचे. 'काका, तोंड धुतोय हं. थोडं पाणी येईल, घाबरू नका.' झोपेच्या औषधाखालचा माणूस काहीच ऐकत नाही असे समजू नये.

कुठल्या तोंडाशी गाठ पडेल ते आधी कळत नाही. मशेरी लावून हिरड्या काळ्या पडलेल्या आजी येतात, गुटख्याने तोंड दोन बोटेही उघडत नाही असे तरुण येतात. अहमदाबाद महामार्गावर अपघात झालेल्याचे दात तुटलेले, हललेले असतात. हलणारा दात निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो, तिथे दंतवैद्यच हवा. कवळी असेल तर ती काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवली पाहिजे. मी ती रुग्णाच्या उशीखाली, चादरीत गुंडाळलेली, एकदा तर कचऱ्याच्या डब्यात पाहिली आहे.

हे सगळे पाच-सात मिनिटांचे काम आहे, पण दोघींचे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे दर पाळीत एक परिचारिका हवी. दुकानांच्या वरच्या मजल्यावर पाच-सहा खाटांची आयसीयू चालवणाऱ्या आपल्याकडच्या लहान रुग्णालयांत रात्री अकरानंतर जाऊन पाहा. एक सिस्टर, एक मावशी, तीन-चार रुग्ण, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. तिने इंजेक्शने भरायची, सक्शन करायचे, रक्ताचे नमुने पाठवायचे, दर तासाला चार्ट लिहायचा आणि दारावरच्या नातेवाइकांना उत्तरेही द्यायची. तोंडाची पाळी शेवटी येते, आणि येतच नाही. मग मावशी बोटाला गॉझ गुंडाळून पुसून घेते. मी त्या सिस्टरला किंवा मावशीला दोष देणार नाही. पगार इतके कमी की शिकून तयार झालेली मुलगी वर्ष-दोन वर्षांत आखातात नाहीतर आयर्लंडला जाते, आणि तिच्या जागी पुन्हा नवीन येते. रुग्णालयाने यंत्रासाठी कर्ज काढलेले असते. त्या यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाचा खर्च मात्र त्याला परवडत नाही.

पैशाचाच हिशेब करायचा तर तोही करू. मे 2020 मध्ये राज्य सरकारने कोविडसाठी खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले, तेव्हा व्हेंटिलेटरसह आयसीयूचा दिवसाचा दर 9,000 रुपये ठरला होता. मेरोपेनेमसारखी महाग औषधे त्या दरातून बाहेर होती, त्यांचे पैसे वेगळे. म्हणजे व्हॅपने मुक्काम चार-पाच दिवसांनी वाढला, तर बांधून दिलेल्या दरानेही घरावर चाळीस हजारांच्या आसपास बोजा, आणि वर औषधे. नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, वालीवच्या गाळ्यात काम करणाऱ्या घरासाठी हे पैसे म्हणजे बायकोचे मंगळसूत्र असते.

आयसीयूतल्या मृत्यूंचे दुःख आमच्या वसई-विरार शहराला नवे नाही. 23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरार पश्चिमेच्या एका रुग्णालयात आयसीयूला आग लागली आणि 13 रुग्ण त्याच वेळी गेले. नंतर आकडा आणखी वाढला. त्यानंतर अग्निसुरक्षेची तपासणी, वायरिंग, बाहेर पडण्याचे मार्ग, यांची विचारणा सुरू झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण व्हॅपने जाणारा माणूस एकेकटा जातो. दाखल्यावर पक्षाघात, अपघात, सेप्सिस असे काहीतरी लिहिलेले असते. त्यासाठी कुणी चौकशी मागत नाही, कारण घरच्यांना वाटते आजारच मोठा होता. कधी तो मोठा असतोच. कधी तो बरा होत आलेला असतो.

म्हणून नातेवाइकांना माझे सांगणे आहे. तुमचे माणूस व्हेंटिलेटरवर असेल तर भेटीच्या वेळी शांतपणे विचारा: आज दात घासले का, किती वाजता, चार्टवर लिहिले आहे का? खाटेचे डोके वर आहे का, तेही पाहा. झोपेचे औषध रोज थोडे कमी करून जाग येते का हे तपासतात का, असे डॉक्टरांना विचारा. जितक्या लवकर नळी निघेल तितका धोका कमी. भांडू नका. ब्रश नसेल तर लहान मुलांचा मऊ ब्रश आणून सिस्टरच्या हातात द्या आणि त्यावर नाव लिहा. स्वतः मात्र तोंडाला हात लावू नका, पाणी तर अजिबात नको. आमच्याकडे कुणी तीर्थ आणते, कुणी गंगाजल, कुणी चर्चमधले पवित्र पाणी. श्रद्धेचा मला आदर आहे, माझीही आहे. ते कपाळाला लावा. ओठांत घातलेले थेंब फुग्यावर जाऊन बसतात.

घरी अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असेल त्यांनाही हे लागू आहे. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षे हेच करून पाहिले गेले. काळजी घेणाऱ्यांनी जेवणानंतर ज्यांचे दात घासले त्यांच्यात न्यूमोनिया 11 टक्क्यांना झाला, इतरांत 19 टक्क्यांना. 2002 मध्ये ते प्रसिद्ध झाले. तिथे व्हेंटिलेटर नव्हता, नळी नव्हती, होता तो फक्त ब्रश. आणि मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर आधी दंतवैद्याकडे जाऊन या. हृदयाची झडप बदलण्याआधी मोठी रुग्णालये ते करायलाच लावतात.

वसई-विरारमध्ये दंतवैद्य कमी नाहीत. स्टेशनबाहेरच्या एकेका इमारतीत दोन-दोन पाट्या दिसतात. आयसीयूच्या दारात मात्र त्यांना कुणी बोलावत नाही, आणि तेही स्वतःहून जात नाहीत. जवळच्या रुग्णालयात आठवड्यातला एक तास दिला, हलणारे दात, कवळ्या, जखमा पाहिल्या आणि सिस्टरना ब्रश धरायला शिकवले, तर या शहरावर मोठे उपकार होतील. डॉक्टरांनी राउंडला लघवीचे माप विचारावे तसे तोंडाचेही विचारावे. डॉक्टर विचारतात ते काम होते, हे प्रत्येक वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

राहिला प्रश्न महापालिकेचा. 2011 च्या जनगणनेतच 12 लाखांवर गेलेल्या या शहरातल्या बहुतेक आयसीयू खाटा खासगी आहेत, आणि 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली त्यांची नोंदणी आणि नूतनीकरण महापालिकेकडेच होते. अर्जासोबत अग्निशमनाचा दाखला मागता, जैविक कचऱ्याचा करार मागता. तिथेच आणखी तीन गोष्टी मागा: व्हेंटिलेटरच्या दर 1000 दिवसांमागे न्यूमोनिया किती झाले, रात्रपाळीत व्हेंटिलेटरवरच्या किती रुग्णांमागे किती प्रशिक्षित परिचारिका होत्या, आणि तोंडाच्या काळजीचा चार्ट ठेवला जातो की नाही. यातला पहिला आकडा एनएबीएच या रुग्णालयांच्या मान्यता मंडळाची मान्यता घेणारी रुग्णालये आजही मोजतात, तेव्हा तो मोजता येत नाही असे कुणाला म्हणता येणार नाही. आयुक्तांनी आणि वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांनी यासाठी एक परिपत्रक काढावे. नवा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. पुढच्या नूतनीकरणापासून सुरू करावे.